शंका-समाधान : दारात विद्यापीठ, मागे पोलीस

या वेळच्या पाकिटांत एकच विषय निरनिराळ्या हस्ताक्षरांत आला आहे. कुणाच्या दारात विद्यार्थी प्रश्नावली घेऊन उभे राहिले, कुणाच्या नवऱ्याकडे मेडिकल कॉलेजने लघवीचा नमुना मागितला, कुणाच्या वस्तीवर नकाशात लाल ठिपका पडला. विद्यापीठे आता पोलिसांबरोबर आणि अग्निशमन दलाबरोबर मिळून अभ्यास करू लागली आहेत. तो कशासाठी चालला आहे, हे मात्र दार उघडणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही. समाजकार्य शिकवताना मी बरीच वर्षे पोलीस ठाण्यांच्या बाकांवर वही घेऊन बसलो आहे. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस माझ्याकडे कसा पाहायचा, तेही आठवते. त्यामुळे या पत्रांतली भीती मला परकी नाही.

प्रश्न : आमच्या गल्लीत कॉलेजच्या दोन मुली आल्या होत्या. ‘परिसरातील सुरक्षितता’ असा सर्व्हे. पत्रावर विद्यापीठाचा शिक्का आणि खाली पोलीस अधिकाऱ्याची सही. घरात माणसे किती, रात्री किती वाजता येता, मारामारी पाहिली का, असे प्रश्न होते आणि शेवटी फोन नंबर. मी कामावर होतो, बायकोने सगळे सांगून टाकले. माझ्या मोठ्या मुलावर चार वर्षांपूर्वीची एक एन.सी. आहे. त्याची नोकरीची पडताळणी चालू आहे. आता हे सगळे पोलिसांकडे जाणार का? रात्री झोप लागत नाही.
— एक वडील, कल्याण

उत्तर : आधी झोपेपुरते सांगतो. एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत) पोलिसांच्याच वहीत आहे. ती कळण्यासाठी त्यांना तुमच्या पत्नीच्या उत्तरांची गरज नाही. सर्व्हेतली उत्तरे म्हणजे जबाबही नव्हे. जबाब तपास अधिकारी एका ठरावीक गुन्ह्याच्या तपासात घेतो. रात्री तुम्ही किती वाजता घरी येता, यावर कोणाची नोकरी जात नाही. पडताळणीच्या अर्जात त्या नोंदीबद्दल विचारले असेल, तर काय लिहायचे हे एखाद्या वकिलाला कागद दाखवून ठरवा. अशा किरकोळ नोंदीपेक्षा ती लपवल्याचा फटका जास्त बसतो, असा अनुभव आहे.

आता दुसरी बाजू. पत्रावर पोलिसांची सही असली की ‘नाही’ म्हणायची आपली हिंमत होत नाही, आणि ही उणीव अभ्यास करणाऱ्यांची आहे, तुमच्या पत्नीची नव्हे. त्या पत्रावरच्या प्राध्यापकांना फोन करून तीन गोष्टी विचारा. आमचे नाव आणि नंबर उत्तरांपासून वेगळे ठेवले आहेत का? मूळ कागद विद्यापीठाकडे आहेत की पोलिसांकडे? आमची उत्तरे काढून टाकायची असतील तर काय करायचे? वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने संशोधनाला काही मोकळीक दिली आहे, पण त्या माहितीवरून एखाद्या ठरावीक व्यक्तीविषयी निर्णय घ्यायचा नाही, या अटीवर. तुमच्या चिंतेचे उत्तर त्या अटीतच आहे.

नावाशिवाय माहिती काय कामाची, असे वाटेल. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात जोनाथन शेफर्ड हे जबड्याच्या शस्त्रक्रियेचे प्राध्यापक. मारहाणीत चेहरा फुटून आलेले कितीतरी रुग्ण पोलिसांच्या नोंदीत सापडतच नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. मग रुग्णालयाच्या स्वागतकक्षात मारहाण कुठे झाली, केव्हा झाली आणि कशाने झाली एवढेच विचारायला सुरुवात झाली. नावे वगळून ती यादी पोलिसांना आणि नगरपालिकेला मिळू लागली. गस्तीच्या जागा आणि वेळा त्याप्रमाणे बदलल्या. तुलनेच्या इतर शहरांच्या मानाने मारहाणीमुळे रुग्णालयात भरती होणाऱ्यांचे प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी झाले, असा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या यादीत एकाही माणसाचे नाव नव्हते.

प्रश्न : मी नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथे महिलांच्या विशेष कक्षातल्या ताईंनी सगळे ऐकून घेतले. शेजारी एक विद्यार्थिनी लिहून घेत होती. मी रडत होते, तेव्हा काही बोलले नाही. आता भीती वाटते की माझी गोष्ट कुणाच्या प्रबंधात छापून येईल आणि सासरचे लोक ओळखतील. आणि या ताई पोलीस आहेत की कोण? परत जावे की नको?
— एक गृहिणी, सातारा जिल्हा

उत्तर : परत जा. हे आधी सांगतो, कारण बाकीचे वाचेपर्यंत तुमचा निर्णय लांबू नये.

त्या ताई पोलीस नाहीत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर १९८४ मध्ये हा विशेष कक्ष सुरू केला. हिंसा सोसणारी बाई शेवटी पोलीस ठाण्याचीच पायरी चढते, मग प्रशिक्षित समाजकार्यकर्ती तिथेच बसलेली का असू नये, असा त्यामागचा साधा विचार होता. पुढे राज्य शासनाने ती आपली योजना म्हणून स्वीकारली आणि इतर राज्यांनीही तिचा कित्ता गिरवला. विद्यापीठ आणि पोलीस यांच्या भागीदारीच्या आपल्याकडच्या सर्वांत जुन्या आणि टिकलेल्या उदाहरणांपैकी हे एक. परदेशी उदाहरणांच्या भाऊगर्दीत त्याचा उल्लेखही होत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते. ताईंचे काम तुमची बाजू ऐकणे, तुम्हाला पर्याय सांगणे आणि पोलिसांनी करायचे ते करावे म्हणून पाठपुरावा करणे हे आहे. घरी परत पाठवण्याची घाई करणे हे त्यांचे काम नाही.

ती विद्यार्थिनी बहुधा क्षेत्रकार्यासाठी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून प्रत्यक्ष ठिकाणी जाऊन शिकण्यासाठी) आलेली असेल. तिने लिहिलेले टिपण कक्षाच्या फाइलसाठी असते. ते प्रबंधासाठी वापरायचे असेल तर तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगून वेगळी संमती घ्यावी लागते. तुम्ही आजही जाऊन ताईंना सांगू शकता की माझी हकिगत अभ्यासासाठी वापरायची नाही. त्यामुळे तुमच्या मदतीत फरक पडता कामा नये. ओळख पटण्याची भीतीही निराधार नाही. माझ्याच एका जुन्या लेखात मी एका बाईचे नाव, गाव, धंदा सगळे बदलले होते, पण ‘दोन जुळ्या मुली’ तेवढ्या तशाच राहिल्या. तिच्या नणंदेने त्यावरून ओळखले. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना सांगत आलो, की नाव हा ओळखीचा सर्वांत छोटा भाग असतो.

अशा अभ्यासांचा उपयोग होतो का? मध्य प्रदेशात १८० पोलीस ठाण्यांवर असा एक मोठा अभ्यास झाला. काही ठाण्यांत महिला मदत कक्ष सुरू केले, काहींत नाही, आणि कुठे कक्ष करायचा हे चिठ्ठी काढल्यासारखे ठरवले. व्हर्जिनिया आणि ऑक्सफर्ड विद्यापीठांतल्या संशोधकांचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. कक्ष असलेल्या ठाण्यांत स्त्रियांवरील हिंसेच्या तक्रारी नोंदवून घेण्याचे प्रमाण वाढले, आणि कक्ष महिला पोलिसांच्या हाती होता तिथे विशेष वाढले. ‘बाई, घरातले भांडण घरात मिटवा’ हे वाक्य थोडे तरी कमी झाले, असा याचा अर्थ.

तुमच्यासाठी दोन पत्ते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा क्रमांक आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी तुमचा अर्ज पुढे नेतात. मार पोटावर, डोक्यावर बसला असेल किंवा गळा दाबला गेला असेल, तर बाहेरून खूण दिसत नसली तरी आजच सरकारी रुग्णालयात जा आणि कसे लागले ते डॉक्टरांना खरे सांगा. जिवाला धोका वाटला तर ११२.

प्रश्न : मी एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पोलीस ठाण्यात प्रबंधाचे काम करायचे आहे. मुलाखतीत सांगितलेले सगळे गुप्त राहील, असे लिहून द्यावे का? उद्या कोर्टाने मागितले तर मला अडकवतील का?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : ‘सगळे’ हा शब्द लिहू नका. वकील आणि अशील यांच्या बोलण्याला जसे कायद्याचे संरक्षण असते तसे आपल्याकडे संशोधकाला नाही. न्यायालय कागद मागवू शकते. शिवाय अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, तुमच्यावरही. मुलाखत सुरू करण्यापूर्वी समोरच्याला हे सांगायचे. पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांची लेखी परवानगी आणि महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची मान्यता, दोन्ही हवे.

प्रश्न : आमची वस्ती पोलिसांच्या नकाशात ‘हॉटस्पॉट’ आहे म्हणे. रोज रात्री बीट मार्शल येतात, पोरांना हटकतात. आता ‘मार्वल’ नावाचे एआय आले आहे, ते कोण गुन्हा करणार हे आधीच सांगते असे सगळे बोलतात. माझा मुलगा अकरावीला आहे. वस्तीच्या पत्त्यावरून त्याचे नाव यादीत जाईल का?
— एक रिक्षाचालक, नागपूर

उत्तर : तुमच्या पत्रात दोन गोष्टी मिसळल्या आहेत, त्या वेगळ्या करू. जागा आणि माणूस.

हॉटस्पॉट (थोडक्या जागेत वारंवार गुन्हे घडतात असे ठिकाण) म्हणजे अख्खी वस्ती नव्हे. बहुधा एखादा चौक, दारूच्या दुकानाची कड, दिवे नसलेली गल्ली. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात २००९ च्या उन्हाळ्यात टेम्पल विद्यापीठाने पोलिसांबरोबर प्रयोग केला. असे ६० तुकडे निवडून तिथे पोलीस पायी फिरवले आणि तशाच दुसऱ्या ६० ठिकाणी नेहमीचा बंदोबस्त ठेवला. बारा आठवड्यांत पायी गस्तीच्या भागात हिंसक गुन्हे २३ टक्क्यांनी कमी झाले. पुढचे मात्र फारसे कोणी सांगत नाही. गस्त उठल्यावर फायदाही ओसरला, आणि हेही त्याच विद्यापीठाच्या लोकांनी छापले. आपलीच बाजू दुबळी करणारा निष्कर्ष जो छापतो, त्या अभ्यासावर मी विश्वास ठेवतो.

माणसांच्या यादीची गोष्ट वेगळी आणि तिच्याबद्दलची तुमची धास्ती साधार आहे. शिकागो पोलिसांनी एका आयआयटीच्या मदतीने (आपली नव्हे, तिथली इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) गोळीबारात सापडण्याची शक्यता असलेल्या लोकांची यादी संगणकाकडून काढून घेतली होती. रँड या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये तपासले, तेव्हा यादीमुळे कोणी वाचल्याचे दिसले नाही. उलट यादीतल्या माणसांना गोळीबाराच्या गुन्ह्यात अटक होण्याची शक्यता वाढलेली दिसली. पुढे २०१९ मध्ये ती यादी बंद झाली.

‘मार्वल’ ही महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये स्थापलेली कंपनी आहे. पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणे हा तिचा उद्देश आणि नागपूरची भारतीय व्यवस्थापन संस्था तिच्यात सहभागी आहे. ‘कोण गुन्हा करणार’ हे छातीठोकपणे सांगणारे यंत्र जगात कुठेच नाही. तुम्ही आणि वस्तीतल्या चार जाणत्यांनी विचारायचा प्रश्न एवढाच, की हे अंदाज जागांचे आहेत की माणसांचे. तो वस्तीच्या बैठकीत वरिष्ठ निरीक्षकांना विचारा, माहितीच्या अधिकारातही विचारता येतो. मुलाला रस्त्यात हटकले तर नाव-पत्ता शांतपणे सांगायला आणि कॉलेजचे ओळखपत्र जवळ ठेवायला सांगा. तो अजून १८ च्या आतला असेल. ठाण्यात बसवून ठेवला तर तुम्हाला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. असे एकदा जरी घडले तरी विधी सेवा प्राधिकरणातून वकील घ्या.

प्रश्न : आमच्या ठाण्यात एका संस्थेचे प्राध्यापक येऊन बसतात. आम्ही तक्रारदाराशी कसे बोलतो, किती वेळ ताटकळत ठेवतो, ते लिहितात. बंदोबस्त, समन्स, कोर्ट, मग रात्रपाळी, आमचे हाल कोण लिहिणार? हे गोपनीय अहवालात गेले तर बढती अडेल. नाव छापू नये.
— एक हवालदार

उत्तर : नाव छापत नाही. प्राध्यापकांना सरळ विचारा की टिपणात माझा बक्कल नंबर येतो का. चांगला अभ्यास ठाण्याचा असतो, हवालदाराचा नसतो. अहवाल वरिष्ठांकडे जाताना व्यक्ती ओळखू येता कामा नये, हे त्यांच्याकडून लेखी घ्या.

तुमचे हालही लिहिले गेले आहेत. २००५ नंतर राजस्थान पोलिसांनी अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर एक अभ्यास केला. या दोघांना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळाले. त्यात खोटे तक्रारदार पाठवून नोंद होते की नाही ते पाहिले गेले, हे तुम्हाला आवडणार नाही. पण त्याच अभ्यासात पोलिसांना आठवड्याची हक्काची सुटी आणि पाळ्यांचे वेळापत्रक देऊन काय होते, हेही पाहायचे ठरले होते. निघाले काय? पोलिसांना दिलेल्या प्रशिक्षणाचा आणि वारंवारच्या बदल्या थांबवण्याचा चांगला परिणाम तक्रारदारांच्या समाधानावर दिसला. सुटी मात्र नीट अमलातच आली नाही, त्यामुळे तिचा परिणाम मोजता आला नाही. हे वाचून तुम्ही हसाल, याची मला खात्री आहे. सततची झोपमोड, छातीत धडधड किंवा जगणे नकोसे वाटणे यांपैकी काही असेल, तर पोलीस रुग्णालयातल्या डॉक्टरांना आणि समुपदेशकांना भेटा. त्याला कमीपणा मानू नका.

प्रश्न : माझे पती १९ वर्षे अग्निशमन दलात फायरमन आहेत. मेडिकल कॉलेजचे लोक आगीवरून परतल्यावर त्यांच्या लघवीचे नमुने घेत आहेत. कुणीतरी म्हणाले, फायरमनला कॅन्सर होतोच, जागतिक संघटनेने जाहीर केले आहे. ते घरी आले की कपड्यांना धुराचा वास असतो, मी ते आमच्याच कपड्यांत धुते. मुले लहान आहेत. नमुन्यात काही निघाले तर नोकरी जाईल, या भीतीने ते धड बोलतही नाहीत.
— एका फायरमनची पत्नी, ठाणे

उत्तर : ‘होतोच’ हे चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये आग विझवण्याच्या व्यवसायातील संपर्काला पहिल्या गटात टाकले, हे खरे. मूत्राशयाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (फुप्फुसाभोवतीच्या आवरणाचा कर्करोग) यांच्याशी संबंधाचा पुरेसा पुरावा तिला सापडला. पण तो गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे नाही. म्हणजे संबंध आहे हे नक्की. तुमच्या पतींना आजार होईल, असे त्यातून निघत नाही.

लघवी तपासतात ती बहुधा कर्करोगासाठी नव्हे, तर धुरातली रसायने अंगात किती गेली ते पाहण्यासाठी. अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठाने टूसॉनच्या अग्निशमन दलाबरोबर हेच केले. आग विझल्यानंतर ढिगारा उपसतानाही श्वसनयंत्र तोंडावर ठेवणे, जागेवरच गणवेश धुऊन घेणे, परतल्यावर लगेच आंघोळ, एवढ्या साध्या बदलांनी लघवीतल्या त्या रसायनांचे प्रमाण लक्षणीय घटले. धूर नुसता नाकातून जात नाही. काजळी कातडीतूनही आत जाते. जुन्या जवानांना काळवंडलेल्या हेल्मेटचा अभिमान असतो, आणि तो मी समजू शकतो, पण ती काजळी धुऊन टाकायलाच हवी.

तेव्हा आजपासून आगीवरचे कपडे घरी आणू नयेत. आणावेच लागले तर वेगळ्या पिशवीत बांधून आणावेत आणि वेगळे धुवावेत. आजवर एकत्र धुतले म्हणून मुलांना काही झाले असेल, या विचाराने स्वतःला छळू नका. संमतिपत्रावर दोन ओळी शोधा : वैयक्तिक निकाल फक्त त्या व्यक्तीलाच कळवला जाईल, आणि तो प्रशासनाला दिला जाणार नाही. नसतील तर सही करण्याआधी लिहून मागा. संशोधनाचा नमुना म्हणजे आरोग्य तपासणी नव्हे, ती वर्षातून एकदा स्वतंत्र करून घ्या. लघवीतून रक्त गेले, दुखत नसले तरी, किंवा खोकला तीन आठवड्यांहून लांबला, तर अभ्यासाच्या निकालाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचे.

प्रश्न : आम्ही १८ व्या मजल्यावर राहतो. इंजिनीअरिंग कॉलेज आणि अग्निशमन दल आमच्या टॉवरमध्ये मॉक ड्रिल करून किती मिनिटांत माणसे उतरतात ते मोजणार आहेत. यजमानांची बायपास झाली आहे, सासूबाई ८४ वर्षांच्या. भोंगा वाजला की यांचे काय होईल? आणि खरी आग लागली तर आम्ही १८ मजले उतरणार कसे? खिडक्यांना सगळीकडे ग्रिल.
— एक गृहिणी, मुंबई

उत्तर : ड्रिलमध्ये भाग घ्यायलाच हवा असे नाही. दोघांची नावे सोसायटीच्या चिटणीसांकडे आधी द्या; त्यांच्यासाठी भोंग्याची वेळ कळवून ठेवता येते. यजमानांनी जिना उतरावा की नाही, हे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा, कॉलेजला नव्हे. कोणाला दमा असेल आणि ड्रिलमध्ये कृत्रिम धूर सोडणार असतील, तर त्यांनी जिन्यात थांबू नये. पण नावे दिल्याचा खरा फायदा अभ्यासालाच होतो. धडधाकट तरुण किती वेगाने उतरतात हे मोजण्यात फारसा अर्थ नाही. भोंगा वाजल्यावर माणसे आधी खिडकीतून डोकावतात, चपला शोधतात, किल्ल्या घेतात, शेजाऱ्याला फोन करतात. उतरण्यापेक्षा कधी कधी हा वेळच जास्त असतो, आणि घरात ८४ वर्षांच्या आजी असतील तर तो कितीने वाढतो, हे कळायला हवे.

घाई कशासाठी, हे एका उदाहरणाने सांगतो. २००६ मध्ये एडिंबरा विद्यापीठाने तिथल्या अग्निशमन दलाच्या साथीने ग्लासगोच्या डालमारनॉक भागात पाडायला काढलेल्या २३ मजली इमारतीतले एक घर मुद्दाम पेटवले. नेहमीसारखी बैठकीची खोली, सोफ्याशेजारच्या कचऱ्याच्या टोपलीत आग. सुमारे पाच मिनिटांत फ्लॅशओव्हर (खोलीतल्या सगळ्या वस्तू जवळजवळ एकदम पेट घेतात ती अवस्था) झाला. मला त्याहून मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. जगभरच्या दहा गटांना खोलीची सगळी माहिती आधी देऊन आग कशी वाढेल हे संगणकावर वर्तवायला सांगितले होते. दहाही उत्तरे एकमेकांपासून दूर निघाली आणि संशोधकांनी ती सगळी जशीच्या तशी छापली. तेव्हा ‘आमच्या सॉफ्टवेअरप्रमाणे तुमची इमारत सुरक्षित आहे’ असे कोणी सांगितले, तर थोडे सबुरीने घ्या.

आग दुसऱ्या घरात असेल आणि तुमच्या जिन्यात धूर नसेल, तर जिन्याने खाली किंवा आश्रय मजल्यावर (उंच इमारतीत थांबण्यासाठी राखलेली मोकळी जागा) जा. लिफ्ट नको. जिन्यात धूर भरला असेल तर घरातच राहा, दार बंद करा, फटीला ओला टॉवेल लावा, आणि १०१ किंवा ११२ वर विंग, मजला आणि घर क्रमांक सांगा. स्वतःच्या घरात आग लागली तर बाहेर पडताना त्या खोलीचे दार ओढून घ्या. बंद दाराने धूर आणि आग दोन्ही बराच वेळ अडतात. निदान एका ग्रिलला आतून उघडणारी खिडकी करून घ्या आणि तिच्या कुलपाची किल्ली शेजारीच टांगा. आश्रय मजल्यावर जुन्या गाद्या आणि सायकली रचल्या असतील, तर हा प्रश्न सोसायटीच्या पुढच्या सभेत काढा. २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र घेऊन द्यावे लागते. गेल्या वेळचे प्रमाणपत्र पाहायला मागा. तो तुमचा हक्क आहे, आणि पंप खरेच चालतो का, हेही त्याच दिवशी चालवून दाखवायला सांगा.

प्रश्न : २०२७ च्या सिंहस्थाला आईला घेऊन जायचे आहे, ती ७२ वर्षांची. २००३ ला माझे काका नाशिकच्या त्या चेंगराचेंगरीत सापडले होते, वाचले. तेव्हापासून गर्दी म्हटली की पोटात गोळा येतो. म्हणे कॅमेरे लावून डोकी मोजणार. त्याने काय होते? आमचे चेहरेही टिपतील का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : २००३ मध्ये नाशिकला ३९ माणसे गेली, त्यामुळे तुमच्या पोटातला गोळा खरा आहे. पण गर्दीत माणसे सहसा पायांखाली तुडवली जाऊन मरत नाहीत. चारी बाजूंनी दाब आल्याने उभ्या-उभ्या छाती फुगेनाशी होते आणि श्वास कोंडतो. २००६ मध्ये हजच्या वेळी मिना येथे झालेल्या दुर्घटनेचे चित्रण डिर्क हेल्बिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासले. आधी गर्दी सुरळीत चालते, मग थांबत-थांबत, आणि शेवटी लाटांसारखी कोणत्याही दिशेला ढकलली जाते, असे त्यांना दिसले. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसे झाली की पाय कुठे टाकायचा हे माणसाच्या हातात राहत नाही. डोकी मोजायची ती यासाठी, म्हणजे थांबत-थांबत चालणे सुरू होताच मागचा रस्ता अडवता येतो.

नाशिकला याची सुरुवात झालेली आहे. मूळचे नाशिकचे रमेश रासकर यांच्या एमआयटी मीडिया लॅबच्या पुढाकाराने २०१५ च्या कुंभापूर्वी स्थानिक तरुणांची शिबिरे झाली. त्यांतून पाऊल पडले की मोजणारी ‘आशिओतो’ नावाची चटई तयार झाली. त्या वर्षीचा कुंभ चेंगराचेंगरीविना पार पडला. श्रेय एकट्या चटईचे नव्हे, पोलिसांच्या मार्ग-आखणीचे जास्त. पण चटई पाय मोजते, चेहरा पाहत नाही, हे मला आवडले. कॅमेरा दोन्ही करू शकतो. त्यामुळे चेहरे साठवणार का आणि किती दिवस, हे प्रशासनाने फलकावर लिहावे, ही मागणी रास्त आहे.

आईला घेऊन मुख्य स्नानाच्या दिवशी जाऊ नका. तेच पाणी दोन दिवसांनी असते. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. गर्दी दाटू लागली आणि खांदे दोन्हीकडून लागू लागले, की दोन्ही हात छातीपुढे घ्या, उलट दिशेने ढकलू नका, तिरके सरकत कडेला या. खाली पडलेली वस्तू उचलायला वाकू नका. आईच्या पदराला तुमच्या फोन नंबराची चिठ्ठी टाचा, पण तिचे पूर्ण नाव आणि पत्ता त्यावर नको.

पत्र लिहिणाऱ्या सर्वांना एक विनंती. गुन्ह्याचा क्रमांक, पीडितेचे नाव आणि ठाण्याचे नाव पत्रात लिहू नका; उत्तर द्यायला ते लागत नाही. ज्यांनी या वेळी लिहिले होते, त्यांच्या पत्रांतली ती नावे वाचून होताच काळ्या शाईने खोडली आहेत आणि पाकिटे फाडून टाकली आहेत.